पहिलीच हाफ मॅरेथॉन आणि तीही यवतेश्वर घाटातली: कधीच न पळालेल्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 42, हायस्कूलवर शिक्षिका, स्वतःची शाळा सुटल्यापासून कधी पळालेल्या नाही, वजन 71 किलो, थायरॉइडची गोळी रोज चालू. मैत्रिणींबरोबर सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंत आणि आता अर्धा मार्च सरला. परवा पहाटे पोवई नाक्यापासून पळायला लागलात, तर तिसऱ्याच मिनिटाला धाप लागून थांबावं लागलं. सासूबाई म्हणतात, या वयात गुडघे घालवून बसशील. तेव्हा सहा महिन्यांत हे जमेल का, गुडघ्यांचं काय आणि तो घाट चढायचा कसा, हे तुम्हाला हवं आहे.

जमेल. गेली पंधरा वर्षं मी साताऱ्यात नवशिक्यांना पळायला शिकवतो. तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखीच तिसऱ्या मिनिटाला धाप लागलेल्या कितीतरी बायकांना ही शर्यत पूर्ण करताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्या मिनिटाला थांबलात याचा अर्थ तुमच्यात दम नाही असा काढू नका. तुम्ही फार जोरात पळालात, एवढाच त्याचा अर्थ. पळणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतली शंभर मीटरची शर्यत येते, आणि चाळिशीतला माणूसही पहिल्या दिवशी तशीच धाव घेतो. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर 97 मीटर. त्याची चाल अगदी वेगळी असते.

ती चाल सापडली की नाही हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. पळता पळता तेराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. 'तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस' हे मध्ये न तुटता एका श्वासात निघालं, तर वेग बरोबर आहे. 'सव्वीस'लाच श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. त्यानं जमत नसेल तर चाला. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की शेजारून कुणी भरभर चालत पुढे जाईल. जाऊ द्या. बायकांना याचीच लाज वाटते आणि त्या पुन्हा जोर लावतात, हे मी दर वर्षी पाहतो. पहिले तीन महिने तुम्ही हळू पळालात, तर पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

हळू पळायचं याला दमाशिवायही एक कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. श्वास आधी तयार होतो, पाय फार नंतर. नियमित पळायला लागलं की तीन-चार आठवड्यांतच रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि महिन्याभरापूर्वी जिथे धाप लागायची तिथे गप्पा मारता येतात. स्नायूबंध आणि हाडं मात्र महिनोन् महिने घेतात. हाडाची तर रीतच अशी आहे की नवा भार आला की ते आधी आतून थोडं कोरलं जातं आणि मग जास्त पक्कं भरलं जातं. मधल्या काही आठवड्यांत ते नेहमीपेक्षा नाजूक असतं. नेमका त्याच वेळी माणसाला वाटू लागतं की आता आपल्याला जमतंय, अंतर वाढवू. माझ्याकडे येणारा एक मुलगा पाचव्या आठवड्यात कुणाला न सांगता एकदम बारा किलोमीटर पळून आला. दम लागला नाही म्हणून खूश होता. दहा दिवसांनी नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली आणि ते वर्ष गेलं.

म्हणून नडगी दुखायला लागली तर एक करा. खुर्चीत बसून अंगठ्यानं नडगीची आतली कड वरून खाली दाबत या. वीतभर लांबीत सगळीकडे सारखं दुखत असेल तर ते बहुतेक स्नायूंच्या ओढीचं असतं. पळणं कमी केलं, बर्फानं शेकलं, पोटऱ्या मजबूत केल्या की ते उतरतं. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबल्यावर जीव कळवळला, आणि रात्री झोपेतही तिथे ठणका लागला, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्यात धाडस करू नका.

आता गुडघे. हौसेनं, बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे पळण्यामुळे झिजतात हा समज खरा ठरलेला नाही. उलट बसून काम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या गुडघ्यांची स्थिती वाईट नसते, बऱ्याचदा चांगलीच असते. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब येणं आणि सुटणं यातूनच तिचं पोषण होतं. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. पण त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही, हेही मान्य करा. मांड्या आणि कुल्ले कमकुवत ठेवून कुणी घाट उतरत पळालं, तर वाटीभोवती दुखणं ठरलेलं. गुडघा वाचवायचा असेल तर त्याच्या वरचा आणि खालचा भाग घडवावा लागतो. ते काम आपल्या तालमींमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. रोज बैठका मारा. पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसून उठायच्या दहा, मग खुर्चीशिवाय पंधरा, दोन महिन्यांत पंधराचे तीन फेरे. त्याला जोड म्हणून पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करा, त्याही हळूहळू पंधराच्या तीन फेऱ्यांपर्यंत. तिसरा व्यायाम उतारासाठी आहे, तो पुढे सांगतो.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटा. रक्तदाब, ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आढळतं की 'मला पळणं जमतच नाही' म्हणणाऱ्या ताईला मी आधी रक्त तपासून यायला सांगतो. लोहाची गोळी सुरू झाली तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियमचंही तसंच. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घेत असाल, तर पळायच्या दिवशी ते सोयीचंच पडतं: गोळी घ्या, पळून या, मग चहा-नाश्ता. पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोके वेडेवाकडे पडायला लागले तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या.

आठवड्यात तीन दिवस पळा, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिला आठवडा: दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं अशा दहा आवर्तनांनंतर पाच मिनिटं चालून घरी. दर आठवड्याला पळणं थोडं वाढवा, चालणं थोडं कमी करा. आठव्या आठवड्याच्या शेवटी सलग तीस मिनिटं पळता आलं की पाया झाला. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. पंचवीसेक आठवडे हातात आहेत, तेवढी मोकळीक आहे.

त्यानंतर रविवारचा लाँग रन. पाच किलोमीटरपासून सुरू करून दर रविवारी एक ते दीड किलोमीटर वाढवत न्यायचे, आणि दर चौथ्या रविवारी मुद्दाम कमी करायचं. पाच, सहा, सात आणि मग पुन्हा पाच. आठ, नऊ, साडेदहा, मग सात. अशा रीतीनं बाविसाव्या आठवड्यापर्यंत अठरा किलोमीटरला पोचता. पूर्ण एकवीस आधी पळून पाहायची गरज नाही. त्याचा थकवा भरून यायला जितके दिवस जातात तितका फायदा होत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करत आणा. तेव्हा पाय शिवशिवतात, 'आपण विसरलो की काय' असं वाटतं. तरी वाढवू नका.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. त्यानंतर त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाल्या. लांब अंतराचा दम आधी, वेग मागाहून. त्यांची पातळी वेगळी, पण हा क्रम तुम्हालाही तसाच लागू आहे.

जागा म्हणाल तर पहिले दोन महिने शाहू स्टेडियमसारखी सपाट, मऊ जमीन बरी. पुढे रस्त्यावर या. रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं पळा, पहाटे अंधारात उजळ रंगाचा टी-शर्ट घाला आणि एकट्या जाऊ नका. दोघी-तिघी असल्या की कुत्र्यांचाही त्रास कमी होतो. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला बाहेर पडा, सातच्या आत परत.

आता घाट, कारण आपली शर्यत घाटाची आहे. शहरातून निघून बोगद्याजवळून यवतेश्वर घाटानं वर, कासच्या रस्त्यावर, आणि त्याच रस्त्यानं परत. म्हणजे पहिला अर्धा भाग मुख्यतः चढ आणि दुसरा अर्धा उतार. नवखे सगळे चढाला भितात. मी उलट सांगतो: चढ तुम्हाला फक्त दमवेल, पाय जायबंदी करतो तो उतार.

हे मी भोगून शिकलो. माझ्या पहिल्या वेळी मी चढ फार जपून चढलो. वळसा घेतला, अंगात दम शिल्लक होता, समोर उतार, खाली ढगांत बुडालेलं शहर, अजिंक्यतारा नुसता कड्यापुरता वर आलेला. मी पाय मोकळे सोडले. लांब टांगा टाकत, टाच आपटत तीन-चार किलोमीटर अक्षरशः उडत खाली आलो. घाट संपत आला तेव्हा दोन्ही मांड्यांचे पुढचे स्नायू एकदम दगडासारखे झाले. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक पाऊल कण्हत टाकलं. पुढचे तीन दिवस घराचा जिना कठडा धरून पाठमोरा उतरत होतो.

असं का होतं? चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू भार पेलत असताना ताणला जातो, ब्रेक लावल्यासारखा. अशा कामात स्नायूचे तंतू आतून फाटतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. पण शरीराची एक मोठी मेहेरबानी आहे. बेताचा उतार एकदा उतरून ते दुखणं सोसलं की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उताराला दाद देत नाही. म्हणून उताराचा सराव शर्यतीआधी करायचाच.

तो तिसरा व्यायाम असा. घराच्या जिन्याच्या खालून पहिल्या पायरीवर उभ्या राहा, कठड्याला नुसता हात टेकलेला. उजवा पाय पायरीवर ठेवून डावा पाय हवेत खाली सोडायला लागा. चार अंक मोजत, इतकं हळू, की डावी टाच जमिनीला शिवताना आवाज होऊ नये. पूर्ण भार उजव्या मांडीवर. आरशात किंवा मुलीला पाहायला सांगा: उजवा गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे पडतोय का? पडत असेल तर कुल्ला कमजोर आहे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील एवढंच खाली जा. प्रत्येक पायानं आठ, मग दहा, मग बारा. आठवड्यातून दोनदा. या साध्या व्यायामानं माझ्याकडच्या जितक्या लोकांचे गुडघे वाचले तितके कुठल्याही पट्ट्यानं वाचले नाहीत.

जूनपासून दर दोन आठवड्यांनी एकदा घाटात जा. पहिल्यांदा वर चढताना सगळा घाट चाला आणि उतरताना फक्त एक किलोमीटर पळा. पुढच्या खेपेला दोन. उतारावर पावलं छोटी आणि भरभर टाका, शरीर मागे झुकवू नका, गुडघा किंचित वाकलेला असू द्या, पाऊल शरीराच्या फार पुढे पडू देऊ नका. कानानं ओळखा. रस्त्यावर थप्पड मारल्यासारखा आवाज येत असेल तर टांग लांब पडते आहे. बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, म्हणून नखं कापलेली हवीत, बूट अर्धा ते एक नंबर मोठा हवा आणि लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून ओढून घट्ट बांधलेली हवी, म्हणजे पाय पुढे घसरत नाही.

चढावर चाला. यात मला जराही कमीपणा वाटत नाही. तीव्र वळणावर तुम्ही पळाल काय आणि ठणठणीत चालाल काय, वेळेत फरक थोडाच पडतो, पण नाडीत फार पडतो. कंबरेतून न वाकता, हात जोरात हलवत, छोट्या पावलांनी चाला आणि चढ सौम्य झाला की पुन्हा पळा. तेराचा पाढा इथेही आहेच.

पावसाचं सांगायलाच हवं, कारण तुमचा निम्मा सराव पावसात होणार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं इतकं असतं की दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, कडेला शेवाळ आणि वरून सुटलेले दगड. मुसळधार असेल त्या दिवशी घाटात जाऊ नका, शहरात पळा. शनिवार-रविवारी कासकडे जाणाऱ्या गाड्या सुरू व्हायच्या आत खाली या. ओले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बोळे बदला. सुती मोजे ओले झाले की फोड आणतात, म्हणून घाम न धरणारे मोजे घ्या. काखेत, मांड्यांना आणि ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलिन लावा. बूट महागडेच हवेत असं नाही, पण चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा मात्र हवीच. अनेक जणी याच कारणानं पळणं सोडतात आणि कुणाला सांगत नाहीत.

खाण्याचं फार अवघड नाही. तास-सव्वा तासाच्या पळण्याला वेगळं काही लागत नाही. त्यापुढच्या लाँग रनला आधी एखादं केळं किंवा गूळ लावलेली अर्धी पोळी, आणि पळताना दर पाऊण तासाला दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा. त्या दिवशी थोडं लवकर उठा, म्हणजे थायरॉइडची गोळी आणि खाणं यात अर्धा-पाऊण तास जाईल. शर्यतीच्या दिवशी जे खाणार ते आधी चार-पाच रविवारी खाऊन पाहा. तहान लागेल तसं दोन-दोन घोट पाणी प्या. घाबरून प्रत्येक ठिकाणी ग्लासभर साधं पाणी पोटात घातलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं. लांब पळण्यात मीठ-साखर-लिंबाचं पाणी बरं. दुखू नये म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणारे मला दर वर्षी भेटतात. घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर येते, आणि थांबायला सांगणारी वेदनाच दाबली जाते.

वेळेचं गणित पहिल्या वर्षी करू नका. किलोमीटरला सरासरी आठ मिनिटं धरली तर पावणेतीन-तीन तासांच्या आत पूर्ण होते, आणि चढ चालून, उतार सावकाश पळूनही ती सरासरी पुष्कळांना साधते. सुरुवातीला गर्दी, ढोल-ताशे, सगळे सुसाट निघालेले. त्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मागे राहा. समर्थ मंदिरापर्यंत पोचायच्या आतच शहराचा चढ तुमच्या पायांत आलेला असतो, आणि तिथे जोर लावलेल्यांना तुम्ही घाटात एकेक करून मागे टाकाल. वळसा घेतल्यावर पहिले पाचशे मीटर मुद्दाम आवरून उतरा. उतारावर घाई होतेय असं वाटलं की पाढा म्हणा. बोगद्याजवळ आलात आणि मांड्या अजून मऊ असल्या, तर तिथून पुढे हवं तसं पळा.

पूर्ण झाल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, अर्ध्या तासात काहीतरी पोटभर खा. दुसऱ्या दिवशी शाळेत जिना असेल तर वर्ग खालच्या मजल्यावर मागून घ्या, ते आधीच ठरवून ठेवा.

उद्या रक्त तपासायला द्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत रोज अर्धा तास भरभर चाला आणि संध्याकाळी खुर्चीवर दहा बैठका काढा. डॉक्टर हो म्हणाले की पुढच्या सोमवारपासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. पहिल्या मिनिटाला पाढा म्हणायला विसरू नका.